डोंगराकडे पाठ करून

योर्दानोस, आधी तो फोन खाली ठेव.
त्यातले फोटो दुपारी बाराला काढलेले असतात
आणि तू घरी येणार रात्री साडेअकराला,
गोदामातली शिफ्ट संपवून.

ऑरोरात एक खूण लक्षात ठेव:
डोंगर पश्चिमेला.
खिडकीतून बर्फाची शिखरं दिसत असतील
तर ते घर आपलं नाही, बेलसुद्धा वाजवू नकोस.
डोंगराकडे पाठ करून चालायला लाग,
भाडं उतरत जातं.
झाडं विरळ होतात, फुटपाथ मध्येच संपतो,
विमानं इतकी खाली येतात
की चाकं मोजावीत.
तिथे बघ.

पण अगदी टोकाला नको.
माझी आत्येबहीण मेहरेत गेली होती टोकाला.
महिन्याला दोनशे डॉलर वाचवले
आणि जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सवर अकराशे घातले.
रात्री शेवटची बस जिथवर जाते
तिथवर तुझं शहर.
पुढचा नकाशा गाडीवाल्यांचा.

घे, कप उचल. गार होतेय कॉफी.

एजंटला विचारू नकोस.
रविवारी संध्याकाळी लाँड्रीत जा.
मशीनपाशी नाणी मोजत बसलेल्या बायांना सगळं ठाऊक असतं:
कुठला हीटर नेमका जानेवारीत मान टाकतो,
कुठला मॅनेजर डिपॉझिट गिळून ढेकर देत नाही,
कुठे झुरळं, कुठे नुसत्या मुंग्या.
मला हे घर ओब्दुलियाने दाखवलं.
तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची,
आणि इंग्रजी दोघींनाही बेताचंच.
तिने चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं.
घड्या घालता घालता बोटांवर सांगितलं
इमारतीचा नंबर, मजला, आणि भाडं,
भाडं सांगताना भुवया वर.

घर बघायला गेलीस की नळ सोड आणि शंभर मोज.
भिंतीला कान लाव.
जिन्यात कांदा परतल्याचा वास आला तर बरं,
माणसं राहतात, टिकतात.
नुसता ताज्या रंगाचा वास आला
तर काय झाकलंय ते शोध.
पहिला महिना फुकट अशी पाटी दिसली
तर तेराव्या महिन्याचं विचार.

अर्जाचे पन्नास डॉलर परत मिळत नाहीत.
मी सात ठिकाणी भरले.
साडेतीनशे डॉलर देऊन सात नकार विकत घेतले.
आठव्या ठिकाणच्या बाईने विचारलं,
कधी कर्ज काढलंय?
मी ताठ मानेने म्हटलं, एका पैशाचंही नाही.
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जसं दवाखान्यात रिपोर्ट वाचून पाहतात.
इथे असंच आहे, बाई.
ज्याने कुणाचं देणं ठेवलं नाही
त्याच्यावर कुणाचा भरवसा नाही.
अंथरूण पाहून पाय पसरणारी मी,
आणि अंथरुणाचंच भाडं.

नाही, उठू नकोस.
आपल्यात तिसरा कप घेतल्याशिवाय उठत नाहीत,
आशीर्वाद त्याच्यात असतो.
आणि मला एक सांगायचंय.

ते फ्रिजवरचं पत्र बघितलंस?
संत्र्याच्या चुंबकाखाली.
ऑगस्टात माझा करार संपतोय.
दोनशे ऐंशीने वाढवलंय.
पलीकडे नवीन स्टेशन झालं ना,
त्याच्याभोवती काचेच्या इमारती उगवल्या,
आमच्याही जिन्याला रंग दिला गेल्या महिन्यात.
ताजा वास. मी आल्याआल्याच ओळखला.
नऊ वर्षं झाली. घरातला खिळा न् खिळा माझ्या ओळखीचा,
मधला बल्ब कधी लुकलुकणार ते आधी कळतं मला.
तरी काल फोनवर तेच फोटो बघत बसले होते
जे तू आत्ता बघत होतीस.

उद्या रविवार.
साडेपाचला ये. मोठ्या चादरी आण,
मळलेल्या नसल्या तरी चालतील.